आजीवन नंबर

"आजी, हा नंबर आता तुमचा राहिलेला नाही."

काउंटरमागची मुलगी हे माझ्याकडे न बघताच म्हणाली. तिची बोटं कॉम्प्युटरवर चालूच होती.

"माझा नाही तर कुणाचा?"

"अजून कुणाचाच नाही. कंपनीकडं परत गेलाय. सहा दिवसांनी पुन्हा विक्रीला जाईल. मग ज्याला मिळेल त्याचा."

"पण मी तर तो कुणाला दिला नाही."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. एक माणूस म्हणाला, "आजी, नवीन कार्ड फुकट मिळतंय. घ्या आणि मोकळ्या व्हा. आम्हालापण कामं आहेत."

मुलीनं एकदाचं वर पाहिलं. तिशीची असेल. डोळे दमलेले होते. तिनं मला समजावून सांगितलं. कंपनीनं अट बदलली होती. आता दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज मारावाच लागतो. नाही मारला की आधी आपले जाणारे फोन बंद, मग येणारे बंद, मग नंबरच बंद. माझं तिन्ही होऊन गेलं होतं. आता रिचार्ज मारायचा म्हटलं तरी यंत्र घेत नव्हतं.

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणाले.

"विचारत नसतात, आजी. कळवतात. मेसेज आले असतील की."

तिनं माझ्या हातातला बटणांचा फोन घेतला आणि दोन-चार बटणं दाबली. "हे बघा. एक, दोन, तीन, चार. चार वेळा कळवलंय. वाचले नाहीत का?"

मी वाकून पाहिलं. सगळं इंग्रजी.

"मला मराठी वाचता येतं," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले बहुतेक, कारण मागचा माणूस पुन्हा हसला.

"मग नवीन नंबर घ्या ना. काय बिघडतं? सगळ्यांना कळवून टाका, झालं."

"मला सगळ्यांना नाही कळवायचं. एकीलाच कळवायचंय. आणि तिला हाच नंबर ठाऊक आहे. ती कुठं राहते ते मला माहीत नाही."

मुलीनं बटण दाबून पुढचं टोकन पुकारलं.

मी उठले आणि बाहेर आले.

भूदेवी बोम्मा माझी कुणी लागत नव्हती. आमची घरं सोलापुरात साखर पेठेत समोरासमोर होती आणि दोघी एकाच कारखान्याच्या बिड्या वळायचो, एवढंच. आमच्या पद्मशाली लोकांत वहिनीला वदिना म्हणतात. नातं नसताना ती मला वदिना म्हणायची आणि मी तिला. दुपारचं जेवण उरकलं की ती आपलं सूप घेऊन माझ्या ओट्यावर यायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तमाखू, दोऱ्याचं रीळ. समोरासमोर बसून दिवेलागणीपर्यंत आम्ही बिड्या वळायचो. असं एकतीस वर्षं चाललं.

"वदिना, बिड्या बघ तुझ्या. पटकीतून उठल्यासारख्या."

"आणि तुझ्या? नवव्या महिन्यातल्या. चेकर बाजूला फेकेल ना, मग ये रडत."

"फेकू दे. मी त्याला म्हणेन, सत्तव्वाचा हात लागला होता."

तिची जीभ अशी होती. हात मात्र फार चालायचा. माझ्या साठ होईपर्यंत तिच्या ऐंशी व्हायच्या, आणि मी मागं पडले की बघत नाहीसं दाखवून ती पाणी प्यायला उठायची. तिला तहान लागलेली नसायची.

माझा नवरा गेला. मूल नव्हतं. बिडी कामगारांसाठी शहराबाहेर घरकुलं बांधली, त्यात मला एक खोली मिळाली. पुढच्याच वर्षी भूदेवीच्या मुलानं साखर पेठेतलं घर विकलं. वाटणीवरून चुलतभावांशी त्याचं वाजलं, ते असं की पुन्हा तोंड बघितलं नाही. तो भिवंडीला मागावर गेला, आईला घेऊन. तिथून पुढं सुरतेला. सुरतेत कुठं, ते सांगणारं सोलापुरात कुणी उरलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. रस्त्याच्या कडेला मोठी छत्री लावून एक माणूस फोनची कार्डं विकत होता. "एकदा पैसे भरा, येणारे फोन आयुष्यभर चालू," असं ओरडत होता. आम्ही दोन कार्डं घेतली. त्यानं फॉर्म भरले, आम्ही अंगठे दिले. दोघींना त्यानं एकेक छापील कागद दिला आणि म्हणाला, जपून ठेवा. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तो फारच जपून ठेवला.

घरी येताना भूदेवी म्हणाली, "हे बघ, फोनवर बोलायचं नाही."

"मग घेतलाय कशाला?"

"बोलायला लागलं की काय बोलायचं ते सुचत नाही. सुनेसमोर तर नाहीच. मी दुपारी कामाला बसले की तुला एक रिंग देईन आणि कट करीन. तूपण एक दे. म्हणजे मला कळेल, तू समोर बसलीस."

"आणि मी उचलला तर?"

"उचललास तर बघ! तुझं तोंड बघणार नाही."

"आता कुठं बघणार आहेस?" मी म्हणाले. तेव्हा दोघीही हसलो.

तिकडं गेल्यावर बिड्या नव्हत्या. ती सुनेबरोबर साड्यांना टिकल्या लावायला शिकली म्हणे. हे भिवंडीहून आलेल्या एका बाईनं सांगितलं, पहिल्या वर्षी. त्यानंतर तिची म्हणून काही बातमी नाही. पण दुपारी दीड वाजता माझा फोन एकदा वाजायचा आणि थांबायचा. मी लगेच एक रिंग परत द्यायची आणि सूप मांडीवर घ्यायची. नऊ वर्षं. नऊ वर्षांत आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, आणि मला कधी एकटी बसून बिड्या वळल्यासारखं वाटलं नाही.

ओट्यावर भांडण झालं की आम्ही एकमेकींकडं पाठ करून बसायचो. घरी जायचो नाही, तिथंच बसायचो. जिची चूक असेल तिनं आधी तोंड फिरवायचं, असा न बोलता ठरलेला कायदा होता. फोनवर पाठ करायची म्हणजे रिंग द्यायची नाही. एका संक्रांतीला माझ्याकडून परतीची रिंग राहिली. तिनं पाच दिवस फोन वाजू दिला नाही. सहाव्या दिवशी मीच आधी दिली. अर्ध्या मिनिटात तिची आली.

त्यामुळं त्या मार्चमध्ये काय झालं ते मला लगेच समजलं, असं मला वाटलं.

घरकुलाच्या हॉलमध्ये म्हमाणे बाई दुपारी प्रौढ बायकांचा वर्ग घ्यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, आवाज करडा. मी जायला लागले तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. वर्ग तीनला सुरू व्हायचा, त्यामुळं दीडच्या रिंगेला त्याची अडचण नव्हती. पण मार्चमध्ये एका रविवारी परीक्षा होती. परीक्षा सकाळपासून, जिल्हा परिषदेच्या शाळेत. फोन बंद करून पिशवीत ठेवायला सांगितलं. मी घरी आले तेव्हा साडेचार वाजले होते. फोन सुरू केला आणि विसरले. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त पेपर होता.

सोमवारी दीड वाजता फोन वाजला नाही.

मी मनात म्हटलं, बसली रुसून. काल रिंग परत दिली नाही ना. बस. चूक माझी होती, कायद्यानं मी आधी द्यायला हवी होती. पण मला वाटलं, नऊ वर्षांत एक दिवस चुकला तर एवढं? मी कुठं नाचायला गेले होते? आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी परीक्षा दिली. मीपण पाठ केली.

पाच दिवस झाले. दहा झाले. दीड वाजला की मी फोनकडं बघायची नाही. मुद्दाम त्याच्याकडं पाठ करून बसायची आणि कान मात्र तिकडंच. महिना झाला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी हिरवं बटण दाबलं. रिंग गेलीच नाही. एक बाई हिंदीत आणि इंग्रजीत भरभर काहीतरी बोलली. मला एवढंच कळलं की सेवा बंद आहे. मला वाटलं, भूदेवीचा फोन बंद आहे, तिकडची बाई बोलतेय. रोज दीड वाजता लावत राहिले. बाई रोज तेच बोलायची. शेवटी शेवटी मला तिचा आवाज पाठ झाला.

जूनच्या शेवटी म्हमाणे बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सत्तव्वा, तुझा फोन आहे का शोभेची वस्तू? दोन आठवडे लावतेय. बंद, बंद आणि बंद. तुझं प्रमाणपत्र आलंय."

"माझा बंद? बाई, माझा चालू आहे. तिचा बंद आहे."

बाईंनी आपल्या फोनवरून माझा नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला लावला. दुसऱ्याच एका बाईचा आवाज होता. माझ्या हातातला फोन गप्प होता.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या गॅलरीत गेले. तिथं काय झालं ते वर सांगितलंच. तिथून तशीच म्हमाणे बाईंच्या घरी गेले.

बाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. उठून आले."

"वा! दोन वर्षं घासून शिकवलं ते उठून यायला?"

बाईंनी भाजी बाजूला सारली.

"कार्ड घेताना काही कागद दिला होता?"

"आहे. ट्रंकेत आहे."

"आण."

मी घरी जाऊन तो घेऊन आले. पिवळा पडला होता. बाईंनी चष्मा पुसला आणि बारीक अक्षरातला सगळा मजकूर बोटानं वाचला. मग कागद माझ्यापुढं सरकवला. "हे वाच. इथून."

मी एकेक शब्द लावत वाचलं. येणाऱ्या कॉलची सुविधा आजीवन राहील. अटींमध्ये बदल झाल्यास ग्राहकास आगाऊ कळविण्यात येईल. नऊ वर्षं ट्रंकेत होता तो कागद. मी पहिल्यांदा वाचला.

"कळवलं म्हणतात," मी म्हणाले. "चार मेसेज."

"तुला कळलं का?"

"नाही."

"मग कळवलं कसं? हा कागद मराठीत, यावर भाषेच्या रकान्यात त्या माणसानं मराठी अशी खूण केलीय. आणि मेसेज इंग्रजीत? सत्तव्वा, कंपनीला अट बदलायची असेल, बदलू दे. पण बदल तुला समजायला हवा होता, आधी. पटला नसता तर हाच नंबर घेऊन तू दुसऱ्या कंपनीत गेली असतीस. तशी सोय असते. तो हक्क तुझा होता आणि तू तो वापरायच्या आत त्यांनी दार लावलं. तक्रार कर. तक्रार घेत नाही असं त्यांना म्हणता येत नाही. नोंद करून तक्रारीचा नंबर द्यावा लागतो. उत्तर पटलं नाही तर त्यांच्याच वरच्या अधिकाऱ्याकडं अपील असतं. त्याच्यापुढं ग्राहक मंच आहे."

"सहा दिवस आहेत बाई."

"म्हणून आत्ता लिही."

"तुम्ही लिहा ना. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"मी लिहिला तर तो माझा अर्ज होईल. माझा नंबर चालू आहे."

असं म्हणून त्यांनी कागद आणि पेन दिलं आणि पुन्हा भाजी निवडायला बसल्या. मी सहा कागद फाडले. बाईंनी एकदाही मान वर केली नाही. सातवा कागद टिकला. त्यात असं लिहिलं होतं:

"मा. व्यवस्थापक साहेब यांस. मी सत्तव्वा नरसय्या येमूल, धंदा बिडी वळणे. माझा नंबर आजीवन आहे असा तुमचा कागद आहे. मी अजून जिवंत आहे. तरी नंबर बंद केला. अट बदलली ती मला माझ्या भाषेत सांगितली नाही. आधी लोक माझा अंगठा घेत होते. आता मी सही करते. या वेळी अंगठाही घेतला नाही आणि सहीही नाही. माझा नंबर मला परत द्यावा. तोपर्यंत दुसऱ्या कोणाला देऊ नये. या नंबरावर माझी एक बाई आहे. आपली विश्वासू."

बाईंनी वाचला. "माझी एक बाई आहे" वर त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं आता खोडतील. त्यांनी खोडलं नाही. म्हणाल्या, "दोन प्रती कर. एक त्यांना दे, दुसरीवर शिक्का आणि तारीख घे. याला पोच म्हणतात. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. आज उठलीस तशी."

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी होती.

"आजी, कागदावर नाही घेत आम्ही. ऑनलाइन करा."

"मला ते येत नाही. मला हे येतं."

"मग कस्टमर केअरला फोन लावा."

"कशावरून लावू? माझा फोन तुम्ही बंद केलाय."

रांगेतले लोक हसले, पण या वेळी माझ्यावर नाही. मुलगीही हसू दाबत होती.

"आजी, माझ्या हातात नाही ओ हे."

"तुझ्या हातात शिक्का आहे. तेवढाच मार. पोच दे, मी जाते."

"शिक्का मारायची परमिशन नाही."

"मग मी बसते," मी म्हणाले, आणि बाजूच्या खुर्चीवर बसले.

बसण्याची मला सवय होती. चाळीस वर्षं दिवसाला सात-आठ तास मांडी घालून बसलेली बाई मी. तिथं तर खुर्ची होती आणि पंखा होता. माझ्यामागून आलेली माणसं गेली, त्यांच्यामागून आलेली गेली. दीड वाजला तेव्हा माझी बोटं आपोआप चालायला लागली, पान नसताना. मुलगी मधून मधून बघायची. तिनं डबा उघडला, चपातीची एक घडी करून माझ्यापुढं धरली. मी म्हणाले, जेवून आलेय. आले नव्हते.

तीनच्या पुढं आतल्या केबिनमधून टाय बांधलेला साहेब बाहेर आला. "काय प्रॉब्लेम आहे?" त्यानं मुलीला विचारलं.

"सर, पोच मागतायत."

त्यानं अर्ज घेतला, उभ्या उभ्या वाचला. "कुणी लिहून दिला?"

"मी लिहिला."

"तुम्ही?"

"सही करून दाखवू?"

त्यानं आणखी एकदा वाचला. "आजीवन म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे हो, योजनेचं आयुष्य. ते बारीक अक्षरात असतं."

मी पिवळा कागद काढला. "ते या कागदावर कुठं आहे ते दाखवा. बारीक असलं तरी मी वाचते. वेळ लागतो, पण वाचते."

त्यानं कागदावरून नजर फिरवली. बराच वेळ फिरवली. मग मुलीला म्हणाला, "तक्रार घे. नंबर होल्डवर टाक. सर्कल ऑफिसला स्कॅन करून पाठव, हा कागदपण." आणि आत निघून गेला.

मुलीनं शिक्का मारला. तक्रारीचा नंबर पोचेवर लिहिला, मोठ्या आकड्यांत, आणि खाली मराठीत तारीख घातली. "आजी, होईलच असं नाही," ती हळूच म्हणाली.

"बाळ, नाव काय तुझं?"

"दीपाली. दीपाली घोडके."

कळवायला मी तिला म्हमाणे बाईंचा नंबर देऊन आले होते. चौथ्या दिवशी त्यावर दीपालीचा फोन आला. नंबर मिळाला होता. आधार कार्ड घेऊन बोलावलं होतं. रिचार्ज मात्र दर अठ्ठावीस दिवसांनी मारावाच लागेल, ती अट कंपनी मागं घेणार नव्हती. बाई म्हणाल्या, पुढं अपील करू, लढू. मी म्हणाले, बाई, मला नंबर हवा होता.

दीपालीनं माझ्या फोनमध्ये नवीन कार्ड घातलं. नंबर तोच. ती खुशीत होती, जणू तिचंच काम झालं. मी सहज विचारलं, "माझा बंद कधी झाला होता गं?"

"थांबा, सगळं दिसतं इथं." तिनं पाहिलं. "जाणारे कॉल बंद झाले ते एप्रिलच्या पंधरा तारखेला. येणारे त्याच्यापुढं आठवड्यानं. आणि शेवटचा आलेला कॉल..." तिनं बोटानं खाली सरकवलं. "मार्च. सतरा मार्च, दुपारी एक एकतीस. फोन बंद होता तुमचा तेव्हा."

सतरा मार्च म्हणजे परीक्षेचा रविवार.

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर एकही नाही. तुमचाही बाहेर गेलेला नाही. एप्रिलच्या पंधरापर्यंत चालू होता की फोन. जवळजवळ महिनाभर. लावला का नाहीत?"

मी तिथंच, काउंटरवर, हिरवं बटण दाबलं. एक बाई बोलायला लागली. या वेळी आवाज वेगळा होता, मला पाठ असलेला नव्हता. मी फोन दीपालीच्या कानाला लावला.

तिनं ऐकलं. "हा नंबर अस्तित्वात नाही म्हणतायत." मग विचारलं, "यांचं कार्ड कुठल्या योजनेतलं होतं?"

"माझ्याच. एकाच छत्रीखाली, एकाच दिवशी घेतलेलं."

"मग तोच नियम त्यांनाही लागला, आजी. मुदत ज्याच्या त्याच्या शेवटच्या रिचार्जपासून मोजतात, त्यांचा तुमच्याआधी बंद झाला असणार. आधी जाणारे कॉल. म्हणजे तुम्ही लावला असता तर त्यांना..." ती थांबली. शहाणी मुलगी होती.

तिनं वाक्य पुरं केलं नाही, तरी मला ते ऐकू आलं. मार्चच्या अठरा तारखेपासून भूदेवी बटण दाबत होती आणि ती बाई तिला सांगत होती की तुझी सेवा बंद आहे. पण तिचे येणारे फोन अजून चालू होते. ती वाट बघत बसली असणार. माझी एक रिंग गेली असती तर तिला कळलं असतं, बिघाड कुठं आहे ते. सुनेला म्हणाली असती, मुलाला म्हणाली असती. किती दिवस चालू होतं तिचं, आठवडा, पंधरा दिवस? तेवढे दिवस दार उघडं होतं. ते कंपनीनं लावलं नव्हतं. मी दाराकडं पाठ करून बसले होते.

"तिच्यासाठी अर्ज देते," मी म्हणाले. "कागद दे. आत्ता लिहिते."

"ज्याचं कार्ड त्यालाच द्यावा लागतो, आजी."

"तिला लिहिता येत नाही. ती अंगठा करते."

"अंगठा चालेल. पण त्यांचा हवा."

मी पेन हातात धरून बसले होते. मला अक्षर येतं हे भूदेवीला माहीतच नव्हतं. दोन वर्षं मी शिकत होते आणि सांगायची काही सोय नव्हती. बसले, एवढंच सांगता यायचं. तिच्या लेखी मी त्या रविवारी उगाच रिंग दिली नाही, आणि मग कधीच दिली नाही.

मग रोज दीड वाजता मी तिचा नंबर लावायला लागले. नंबर अस्तित्वात नाही, असं बाई सांगायची. मी ऐकून घ्यायची, कट करायची आणि सूप मांडीवर घ्यायची. सुरतेला जाणाऱ्या दोघा-तिघांना नाव सांगून पाहिलं. भूदेवी बोम्मा, मुलगा श्रीनिवास, मागावर आहे. ते म्हणायचे, मावशी, सुरत केवढी आहे माहीत आहे का? ते मला माहीत नव्हतं.

दिवाळी झाली. नोव्हेंबरातला मंगळवार होता. पानं कापून झाली होती. मी नंबर लावला आणि बाई बोललीच नाही. रिंग गेली.

मी हबकले आणि सवयीनं कट केला. एक रिंग. मग फोन समोर फरशीवर ठेवला आणि त्याच्याकडं तोंड करून बसले.

फोन वाजला. तिचाच नंबर. एक रिंग झाली. आता थांबेल, आता कट होईल, मग मी रडेन, असं मी मनाशी म्हणाले. दुसरी झाली. तिसरी. चौथ्या रिंगेला मला कळलं की ही भूदेवी नाही. ती कधीच इतकी वाजू देणार नाही. फोन वाजतच राहिला, जसा तो कुणाकडंही वाजतो.

मी उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय? तुमचा मिस्ड कॉल होता." पुरुषाचा आवाज, मराठी. मागं कसलंतरी यंत्र चालल्याचा खडखडाट.

"हा नंबर तुमचा आहे?"

"हो, परवाच घेतलंय कार्ड. कोण पाहिजे तुम्हाला, मावशी?"

तो थांबला. घाईतला वाटत होता, पण त्यानं फोन ठेवला नाही.

"मावशी? काही काम होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "कामाला बसलात का, एवढंच विचारायचं होतं."

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "हो, बसलोय की. केव्हाचा बसलोय."

"बरं. मीपण बसते," मी म्हणाले, आणि त्यानं ठेवायची वाट बघितली.